सोळा बटणांची पेटी

संपादकांचा निरोप मोजका होता: पुण्यात एक मुलगी सिंथसाठी घरीच सिक्वेन्सर बनवतेय, जाऊन बघा. मुलगी म्हणजे दिवसा एका कंपनीत एम्बेडेड सॉफ्टवेअर लिहिणारी अभियंता, आणि सुट्टीच्या दिवशी छोट्या कार्यक्रमांत सिंथ वाजवणारी कलाकार. कोथरूडच्या तिच्या घरी टेबलावर ॲल्युमिनियमची काळी, चपटी पेटी होती, जेमतेम वीतभर लांब. वर आठ-आठच्या दोन ओळींत सोळा बटणं, चार नॉब, बोटाच्या दोन पेरांएवढा स्क्रीन. मागे इतर यंत्रांशी जोडायची मिडीची गोल सॉकेटं. मी एक बटण दाबलं. त्याच्यातला दिवा लागला, बाकी शांत.

‘‘ही स्वतः काही वाजत नाही, काका. दुसऱ्यांना वाजायला सांगते.’’

तबल्याच्या एकलवादनात लेहरा जसा आवर्तनामागून आवर्तन तोच राहतो आणि तबलजी त्यावर मोकळा खेळतो, तसा सिक्वेन्सर सुरांची एक साखळी फिरवत ठेवतो. फरक एवढाच, की लेहरेवाल्याने मधेच सूर बदलला तर तबलजी डोळे वटारेल. इथे फिरत्या साखळीचे दुवे बदलत राहणं हाच कार्यक्रम. प्रत्येक बटण म्हणजे साखळीतलं एक घर. सहावं बटण दाबलं की सहाव्या घरातला सूर गळतो, पुन्हा दाबलं की परत येतो. नॉबने तो वर-खाली करायचा. साखळी सोळाचीच हवी असंही नाही. एक सोळा घरांची आणि दुसरी रूपकासारखी सात घरांची लावली, की दोघींची सम ११२ घरांनंतर एकत्र येते. मधल्या वेळात जे ऐकू येतं ते तिने मुद्दाम बसवलेलं नसतं, आणि त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप, असं ती म्हणते.

या यंत्रांचा इतिहास मी वाचून गेलो होतो. तिला त्यात फारसा रस दिसला नाही. साठच्या दशकात अमेरिकेत डॉन बुक्ला आणि रॉबर्ट मूग या दोघांनीही सिक्वेन्सर बनवले. मूगच्या ९६० मध्ये आठ घरं आणि नॉबच्या तीन ओळी होत्या. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत मूग सिंथ बसवून दिला. मग १९८१ ची रोलँडची टीबी-३०३. एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेली. खपली नाही, १९८४ मध्ये बंद झाली. पुढे शिकागोच्या पोरांनी जुन्या बाजारातून उचलून तिच्यावर ॲसिड हाऊस हे नृत्यसंगीत उभं केलं. पण त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, हिंदी सिनेसंगीतात वाजवणाऱ्या मुंबईच्या चरणजित सिंग यांनी ३०३, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी केली होती. या नावावर मात्र तिने मान वर केली. ‘‘त्यांनी हे ३०३ वर केलं म्हणजे हद्द आहे. सूर एका फेरीत भरायचे, लांबी दुसऱ्या फेरीत. वाजवताना कोण बदलणार ते?’’

तिला अशी पेटी हवी होती, की अंधारात हात गेला तरी प्रत्येक बोटाला त्याचं काम ठाऊक असेल. बाजारातली यंत्रं एक तर अख्खं टेबल अडवतात, नाही तर एवढ्याशा स्क्रीनवरच्या मेनूत मेनू उघडत बसायला लावतात. तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून बटणं आणि डायोड आले, मेंदू म्हणून रास्पबेरी पाय पिको.

मला खिळवून ठेवलं ते पेटीच्या घड्याळाने, म्हणजे लय राखणाऱ्या ठोक्यांनी. १९८३ पासून सिंथ एकमेकांशी मिडी भाषेत बोलतात, तीही सेकंदाला ३१,२५० बिट या आजच्या मानाने गोगलगायीच्या गतीने. एका सुराचा निरोप पोचायला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. कान तेवढं माफ करतो. याशिवाय प्रत्येक मात्रेला चोवीस ठोके पाठवायचे, सगळी यंत्रं एका लयीत राहावीत म्हणून. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर दर २०.८ मिलिसेकंदांना एक ठोका.

सुरुवातीला नॉब फिरवला की लय लंगडायची. फिरवला नाही तर सरळ. दोष शोधता शोधता ती स्क्रीनपाशी पोचली. १२८ बाय ६४ ठिपक्यांचं चित्र म्हणजे १,०२४ बाइट. दोन तारांवरून ते पाठवायला सुमारे २३ मिलिसेकंद. म्हणजे स्क्रीन एकदा रंगवायला दोन ठोक्यांमधल्या अंतराहून जास्त वेळ! नॉब फिरवला, आकडा बदलला, चिप चित्र काढायला बसली आणि ठोका चुकला. पिकोच्या चिपमध्ये दोन कोअर असतात. आता एक कोअर ठोके आणि सूर सोडून कशालाही हात लावत नाही; बटणं, दिवे, स्क्रीन दुसऱ्याकडे. तर नवीच भानगड निघाली: दुसरा साखळी बदलत असतानाच पहिला ती वाचायचा आणि अर्धी जुनी, अर्धी नवी वाजवायचा. म्हणून बदल आधी प्रतीवर होतात आणि घराच्या सीमेवरच लागू होतात. हे सांगताना ती कागदावर चौकोन काढत होती, आणि मला तिच्या सिंथवादनाइतकाच त्या चौकोनांचा हेवा वाटला.

इथून पुढे अडचणीच. बटण दाबलं की आतले धातूचे पत्रे काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबाचे तीन-चार मोजले जातात. ते गाळायला थांबावं तर बोटाला उशीर जाणवतो. तिने पहिला स्पर्श लगेच मोजायचा आणि नंतरची थरथर सोडून द्यायची, असं केलं. सूर वाजत असताना त्याचं घर पुसलं तर ‘आता थांब’ हा निरोप कधी जातच नाही आणि सिंथ तो सूर धरून बसतो. एका कार्यक्रमात तसं झालं. लोकांना तो तिचा प्रयोग वाटला, कुणी टाळ्याही वाजवल्या. आता पेटी चालू सुरांची यादी ठेवते आणि दोन बटणं एकदम दाबली की सगळ्यांना गप्प करते.

विजेची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. सोळा रंगीत दिवे पूर्ण पांढरे लावले तर जवळजवळ एक ॲम्पिअर खातात. लॅपटॉपचं साधं यूएसबी त्याच्या निम्मं देतं. शिवाय पेटी लॅपटॉपला जोडली की स्पीकरमधून घुरघुर, कारण मिडीच्या तारेत दोन्ही यंत्रांची वीज वेगळी ठेवलेली असते, यूएसबीत नसते. म्हणून पॉवर बँक. दिवे मंद केले, तर पॉवर बँकेला वाटलं फोन चार्ज झाला, आणि दोन गाण्यांच्या मध्ये ती बंद पडली. मग वरच्या ओळीतले दिवे थोडे प्रखर करावे लागले, केवळ तिला जागं ठेवायला.

मला काळजी वेगळीच वाटली. विकतचं यंत्र बिघडलं तर भाड्याने दुसरं मिळतं, ओळखीतल्या कुणाकडून मागून आणता येतं. ही पेटी जगात एक आहे. तिलाही ते कळतं. छापील बोर्ड करून देणाऱ्यांनी पाचांहून कमी द्यायला नकार दिला होता, त्यातले चार कपाटात पडून होते. त्यातला एक काढून तिने दुसरी पेटी जोडायला घेतलीय. पण दुकानात पूर्वीची बटणं आता मिळत नाहीत. नवी किंचित रुंद, पाय अर्धा मिलिमीटर बाहेर, त्यामुळे पत्र्यातली भोकं कानशीने वाढवायची. नवी बटणं थरथरतातही जास्त वेळ, तेव्हा गाळणीचे आकडे वेगळे, आणि प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्या सांभाळायच्या. मी निघालो तेव्हा ती अकराव्या भोकावर होती आणि मुख्य पेटीलाच नवी बटणं लावून टाकावीत का, असा विचार करत होती.