नगरपरिषदेत निर्णय कोण घेतं, आणि कधी?

बचत गटाच्या बैठकीत हप्ता, कर्ज, व्याज झालं की बोलणं हमखास नगरपरिषदेवर जातं. नळाला पाणी कमी येतं, घंटागाडी आली नाही, घरपट्टी वाढली. आणि सगळ्यात मोठी धास्ती असते ती ही, "आमची बसायची जागा उठवणार आहेत म्हणे!" ऐकीव बातमीवर घाबरण्यापेक्षा निर्णय कुठे आणि कधी होतो हे माहीत असलेलं बरं. म्हणून आजचा हा विषय.

उदाहरण घेऊया आपल्या पन्हाळ्याचं. 2011 च्या जनगणनेत गडावरची वस्ती होती जेमतेम तीन हजारांची. पण तिथे नगरपरिषद आहे. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांची रीघ लागते. पाणी, कचरा, स्वच्छतागृहं, दिवाबत्ती या सगळ्या पाहुण्यांनाही पुरवायची आणि घरपट्टी मिळणार मोजक्या घरांची. गडावर येणाऱ्यांकडून प्रवासी कर घेतात, पण मोठ्या कामांना राज्य आणि केंद्राच्या अनुदानाकडेच बघावं लागतं. जुलै 2021 च्या पावसात गडावर जाणारा मुख्य रस्ता खचला. असं काम छोट्या नगरपरिषदेच्या तिजोरीतून होत नाही. म्हणून तक्रार करण्याआधी पहिला प्रश्न विचारायचा, हे काम कुणाच्या हातात आहे?

आपल्या नगरपरिषदा 1965 च्या कायद्यानुसार चालतात. नगराध्यक्ष आणि नगरसेवक आपण निवडून देतो, त्यातल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. मुख्याधिकारी मात्र राज्य सरकारचे अधिकारी असतात. सभागृह ठराव करतं, मुख्याधिकारी तो अमलात आणतात. ठराव बेकायदा असेल किंवा लोकांना त्रासदायक ठरणार असेल, तर त्याला स्थगिती द्यायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. म्हणजे नगरसेवकाने तोंडी दिलेला शब्द आणि सभेत झालेला ठराव यात फार अंतर आहे. "ठराव झालाय का? त्याची नक्कल मिळेल का?" एवढं विचारायची सवय आपण लावून घ्यायची.

आता पैशाची गोष्ट. नव्या वर्षाचं अंदाजपत्रक मार्चच्या आत ठरतं. महिला व बालकल्याणासाठी त्यात 5 टक्के रक्कम ठेवायची असते. आपल्या गटाला शिलाईचं प्रशिक्षण हवं असेल, बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह हवं असेल, तर मागणीचा अर्ज दिवाळीनंतर लगेच द्यायचा. एप्रिलमध्ये गेलं की "यंदा तरतूद नाही" हेच उत्तर मिळतं आणि ते खोटंही नसतं.

तिसरी गोष्ट विकास आराखड्याची. रस्ता कुठून रुंद होणार, मंडई कुठे, बाग कुठे, शाळेसाठी कुठली जागा राखीव, हे सगळं त्या नकाशावर असतं. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना देण्यासाठी 30 दिवस मिळतात. लेखी हरकत घेणाऱ्यांची सुनावणी होते. ती मुदत चुकली आणि वर्षांनी जेसीबी दारात आला, की रडून उपयोग होत नाही. नोटीस वर्तमानपत्रात आणि कार्यालयाच्या फलकावर लागते. गटातल्या एकीने तरी महिन्यातून एकदा तो फलक वाचून यावं.

पन्हाळ्याला याच्या जोडीला आणखी एक गाठ आहे. तिथल्या जुन्या वास्तू केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. संरक्षित वास्तूपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. जुन्या घराची दुरुस्ती करायलाही परवानगी घ्यावी लागते. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात पन्हाळा आहे. याचा अभिमान आहेच, पण गडावर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या बाईला आपल्या घराचं काय होणार ही काळजीही आहे. मीटरचे हे नियम कायद्यात 2010 पासून आहेत, युनेस्कोमुळे आलेले नाहीत. छपराच्या परवानगीसाठी फक्त नगरपरिषदेच्या खिडकीवर भांडून भागत नाही, पुरातत्त्वाच्या परवानगीचा अर्जही करावा लागतो.

आणि झुणका-भाकर, कणसं, भाजी विकणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. विक्रेत्यांचं सर्वेक्षण झाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. हलवायचं झालं तरी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे असतात आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका असतात. सर्वेक्षणाला माणूस आला की त्या दिवशी जागेवर हजर राहा, नाव नवऱ्याचं न सांगता स्वतःचं लिहायला लावा आणि मिळालेला कागद जपून ठेवा. मंडईची नवी इमारत झाली की गाळा कुणाला, हा प्रश्न त्या कागदावरच सुटतो.

शेवटी कामाचं. अर्ज नेहमी दोन प्रतींत करा. एक द्या, दुसरीवर तारखेसह पोच आणि आवक क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील बहिणींना तेही शुल्क नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवा. त्यात कुठला अर्ज कधी दिला, आवक क्रमांक काय, उत्तर काय आलं, एवढंच लिहायचं. नगराध्यक्ष बदलतात, मुख्याधिकारी बदलून जातात. नवीन माणसासमोर बोलायला उभं राहाल तेव्हा ती वही हातात असू द्या.