विश्लेषण : गोल्फ मैदानाची निगा लोक फुकट का राखतात? स्कॉटलंडमधील ॲस्करनिशचा अनुभव काय सांगतो?

गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा खेळ, हे समीकरण आपल्याकडे पक्के आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र अनेक छोटे क्लब सभासदांच्या वर्गणीवर चालतात आणि खोरे-दंताळे घेऊन मैदान सावरायलाही हेच सभासद उतरतात. साउथ युइस्ट बेटावरील ॲस्करनिशचे मैदान तर अशा श्रमदानाशिवाय वाळूच्या टेकड्यांतून पुन्हा वर येणे अवघड होते. हे मैदान हरवले कसे, सापडले कसे आणि त्यावरून शेतकरी नाराज का झाले, याविषयी…

ॲस्करनिशचे मैदान काय आहे?

साउथ युइस्ट हे स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या आउटर हेब्रिडीज द्वीपसमूहातील बेट. लोकसंख्या दोन हजारांहून कमी. सेंट अँड्र्यूजचे विख्यात गोल्फपटू आणि मैदानांचे रचनाकार ओल्ड टॉम मॉरिस यांनी १८९१ मध्ये येथे, अटलांटिकच्या काठावरील वाळूच्या टेकड्यांत मैदान आखले. त्या वेळी बेटाची मालकी लेडी गॉर्डन कॅथकार्ट या जमीनदार महिलेकडे होती. पुढच्या काळात टेकड्यांतील भागाची निगा थांबली आणि तेथील होल गवतात बुजून गेले. शेजारच्या सपाट जागेवर नऊ होलचा खेळ तेवढा कसाबसा टिकून राहिला.

हरवलेले मैदान सापडले कसे?

गोल्फ मैदानांचे सल्लागार गॉर्डन अर्विन २००५ मध्ये बेटावर आले. टेकड्यांमधून फिरताना मॉरिस यांनी होल कोठे आखले असतील, याचा त्यांना अंदाज येऊ लागला. मूळ आराखड्याचा नकाशा हाती नव्हता. त्यामुळे जमिनीचे चढउतार हाच पुरावा मानून रचनाकार मार्टिन एबर्ट यांच्या साथीने १८ होल निश्चित करण्यात आले. अर्विन यांनी मोबदला घेतला नाही. स्थानिक सभासदही कामाला लागले. बुलडोझर लावून टेकड्या सपाट केल्या नाहीत. आहे त्या जमिनीवरील गवत कापून होल मोकळे करण्यात आले. २००८ मध्ये मैदान पुन्हा खुले झाले.

स्वयंसेवक नेमके काय करतात?

१८ होलचे मैदान साधारण १०० ते २०० एकरांवर पसरलेले असते. हंगामात त्यातील ‘ग्रीन’, म्हणजे होलभोवतीची अगदी बारीक हिरवळ, जवळपास रोज कापावी लागते. छोट्या क्लबकडे पगारी ग्रीनकीपर एखाद-दुसराच असतो. त्याचा सगळा वेळ यंत्रावर गेला, तर बाकीची कामे कोणी करायची?

ही बाकीची कामे स्वयंसेवक उचलतात. फटक्यासरशी फेअरवेवरील गवताचा टवका उडतो, त्याला ‘डिव्हॉट’ म्हणतात. तो खड्डा वाळू आणि गवताच्या बियांच्या मिश्रणाने भरावा लागतो, नाही तर तेथे तण धरते. ग्रीनवर उंचावरून पडलेल्या चेंडूने खळगा होतो, तो कडेने माती आत ओढून बुजवायचा असतो. बंकरमधील वाळू दंताळ्याने सारखी करणे, सशांची बिळे बुजवणे, कुंपण दुरुस्त करणे, कचरा उचलणे हीसुद्धा त्यांचीच कामे. खास कौशल्य नसले तरी ती जमतात. वेळ मात्र भरपूर लागतो.

कोणती कामे त्यांना देत नाहीत?

ग्रीनवरील गवत अवघे तीन ते पाच मिलिमीटर उंच ठेवले जाते. यंत्राचे पाते किंचित खाली बसले, तर मुळापासून गवत खरवडले जाते आणि ते भरून यायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून हे यंत्र सहसा प्रशिक्षित माणसाच्याच हाती असते. कीटकनाशके फवारण्यासाठी ब्रिटनमध्ये प्रमाणपत्र लागते. शिवाय काम फुकट असले, तरी स्वयंसेवकाच्या सुरक्षिततेची काळजी क्लबला घ्यावीच लागते.

मग ही फुकटची मजुरी नाही का?

क्लब कोणाचा आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. सभासदांच्या मालकीच्या क्लबमध्ये वाचलेला पैसा मैदानावरच खर्च होतो आणि वर्गणी आवाक्यात राहते. नफ्यासाठी चालणाऱ्या रिसॉर्टने पगारी माणूस कमी करून त्याच्या जागी स्वयंसेवक उभे केले, तर गोष्ट वेगळी होते. ठरलेल्या वेळी येण्याचे बंधन आणि कामाच्या बदल्यात काही देण्याचा करार आला, की ब्रिटनमध्ये किमान वेतनाचा प्रश्न उभा राहू शकतो.

ॲस्करनिशमध्ये वाद कशावरून झाला?

वादाचे मूळ जमिनीत होते. मैदान ज्या जमिनीवर आहे तिला ‘माखैर’ म्हणतात. शिंपल्यांचा चुरा मिसळलेली वाळू वाऱ्याने येऊन तयार झालेले हे सुपीक गवताळ पट्टे केवळ स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर आढळतात. बेटावरील लहान खंडकरी शेतकरी, म्हणजे ‘क्रॉफ्टर’, पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे चारत आले आहेत. आपल्याकडील गायरानासारखाच हा सामायिक हक्क.

२००६ मध्ये स्थानिक लोकांच्या ‘स्टोरस युइस्ट’ या संस्थेने हे बेट आणि शेजारच्या बेटांवरील मिळून ९० हजारांहून अधिक एकर जमीन जुन्या मालकांकडून विकत घेतली. बाहेरचे पर्यटक येतील, रोजगार वाढेल, या आशेने गोल्फ मैदानाला पाठबळ मिळाले. काही क्रॉफ्टरांना मात्र आपला चराईचा हक्क हिरावला जाईल अशी भीती वाटली. प्रकरण स्कॉटलंडच्या जमीनविषयक न्यायालयापर्यंत गेले. जमीनदार गेला, जमीन गावाची झाली. तरी गावातल्या गावात ती कोणी कशी वापरायची, हा प्रश्न उरलाच होता.

आज मैदान कसे चालते?

हिवाळ्यात येथे गुरे-मेंढ्या चरतात. त्यांच्यामुळे गवत आटोक्यात राहते आणि शेणखतही मिळते. उन्हाळ्यात जनावरे दुसरीकडे नेली जातात आणि खेळाडू येतात. रासायनिक खते व फवारणी टाळण्यावर क्लबचा भर आहे. त्यामुळे तण उपटण्यापासून बिळे बुजवण्यापर्यंतची हातमेहनत अधिक लागते आणि स्वयंसेवकांची गरजही कायम राहते. ते दंताळे घेऊन सावरतात ती हिरवळ वर्षातले काही महिने शेजारच्या शेतकऱ्याचे कुरण असते. त्यामुळे मैदान टिकवायचे, तर स्वयंसेवकांइतकीच क्रॉफ्टरांचीही साथ लागते.