दुसऱ्याने ठेविलेली डबी

अमेरिकेच्या सरकारने आपल्या जी.पी.एस. उपग्रहांच्या नागरी संकेतांत हेतुपुरस्सर मिसळलेला दोष २ मे २००० रोजी काढून टाकला आणि तोपर्यंत शंभर-शंभर मीटर चुकणारी हातातील यंत्रे एकाएकी भरवशाची झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावानजीकच्या झाडीत डेव्ह उल्मर या गृहस्थांनी एक काळी बादली ठेविली, तीत वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू घातल्या व त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तीन दिवसांच्या आत माइक टीग या शोधकाने ती हुडकून वहीत आपली नोंद केली. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी या उद्योगाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचविले, आणि सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी त्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक ठेवे आहेत, आणि युरोप-अमेरिकेत वास्तव्य करणाऱ्या मराठी वाचकाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांतला एखादा असण्याचा संभव बराच मोठा आहे. त्या पहिल्या बादलीत घेवड्याच्या दाण्यांचा एक हवाबंद डबा होता आणि बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती. या दोन्ही गोष्टी आज सामान्यतः निषिद्ध आहेत, कारण खाद्यपदार्थाच्या वासाने वन्य प्राणी डबा फोडतात आणि खणण्याने जमिनीची व मुळांची नासधूस होते. या छंदाचा शिष्टाचार अशा रीतीने अनुभवातून, चुका सुधारीत सुधारीत सिद्ध झालेला आहे. म्हणूनच त्याविषयीचे जे गैरसमज नवख्या मंडळींत आणि पुष्कळदा जुन्या जाणत्यांतही आढळतात, त्यांचा खुलासा सविस्तर करणे मला अगत्याचे वाटते.

पहिला आणि सर्वांत खोल रुजलेला गैरसमज असा की, रानात उघड्यावर ठेविलेली वस्तू म्हणजे सार्वजनिक वस्तू. वस्तुतः डबी ज्याने ठेविली त्याच्या मालकीची असते, जमीन बहुधा तिसऱ्याच कोणाची तरी, म्हणजे शेतकऱ्याची, नगरपालिकेची किंवा वनखात्याची असते, आणि शोधणाऱ्याचा हक्क एवढाच की त्याने ती उघडावी, वहीत आपले नाव व तारीख लिहावी आणि जशी होती तशी, त्याच जागी, तितकीच झाकून ठेवावी. जमीनमालकाची परवानगी घेणे, मधूनमधून जाऊन पाहणी करणे, मोडतोड झाल्यास दुरुस्ती करणे आणि ठेवा बंद केल्यावर डबी उचलून नेणे ही सारी जबाबदारी ठेवणाऱ्याची. मदतीस जाणाऱ्याने ही वाटणी मनात पक्की धरली नाही, तर त्याचा सद्हेतूच पुढे उपद्रवास कारण होतो.

यंत्र अचूक जागा दाखविते, मग डबी दिसत नसेल तर ती पुरलेली असली पाहिजे, असे मानून माती उकरणारे आणि दगड उलथणारे लोक सर्वत्र भेटतात. उघड्या आकाशाखाली साधारण तीन ते पाच मीटरांची तफावत हातातील यंत्रात गृहीतच धरावी लागते; दाट झाडी, कडा किंवा उंच इमारती यांच्यावरून संकेत परावर्तित होऊन आल्यास ती आणखी वाढते; आणि ठेवणाऱ्याच्या यंत्रातही तशीच चूक झालेली असते. शिवाय जमीनमालकाच्या खास परवानगीवाचून ठेवा पुरण्यास नियमानेच बंदी असल्यामुळे, जेथे हत्याराची गरज भासू लागली तेथे आपली जागा चुकली, असे खुशाल समजावे. ब्रिटनमध्ये चुन्यावाचून रचलेल्या दगडी बांधांत ठेवे ठेवू नयेत असा संकेत रूढ आहे, कारण असा बांध शोधकांनी एकदा दगड दगड करून उकलला की तो पुन्हा रचण्यास कसबी माणूस लागतो.

आता दुरुस्तीचा प्रश्न, आणि येथे थोडे जवळून पाहिले पाहिजे. परक्याच्या डबीला हातच लावू नये, असे समजणारा एक वर्ग आहे. दुसरा वर्ग दिसेल ते दुरुस्त करावे या मताचा. दोघांचेही म्हणणे अपुरे आहे. लष्करी काडतुसांचा लोखंडी डबा या कामी उत्तम समजला जातो, कारण त्याच्या झाकणाला आतून रबराची पट्टी असते आणि कडी दाबली की ती घट्ट बसते. तरीही अशा डब्यात पाणी सापडते, तेव्हा दोष बहुधा रबराचा नसून आधीच्या पाहुण्याच्या घाईचा असतो. वही ज्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली असते तिचे टोक झाकणाच्या कडेवर अडकून राहते, आणि तिच्या चुण्यांतून पावसाचे पाणी थेंबाथेंबाने आत उतरते. ते टोक आत सारणे, रबरावरची वाळू बोटाने पुसणे, डबा कोरड्या फडक्याने टिपून घेणे, बोथट पेन्सिलीला टोक करून ठेवणे, या गोष्टींना कोणाची परवानगी लागत नाही. जुन्या फिल्मच्या डबीत मात्र बाहेरच्या गारव्याने आतल्या आत ओल धरते, आणि गुंडाळलेली कागदाची पट्टी फुगून भिंतीला चिकटते. ती नखाने ओरबाडून काढली की फाटते. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने कडेकडेने सोडवून हळूहळू फिरवीत काढली तर पुष्कळदा शाबूत निघते. सही करण्यास जागा उरली नसेल तर सोबत नेलेल्या कागदाची एक पट्टी जोडावी. परंतु जुनी पट्टी, तिचा लगदा झालेला असला तरीही, परस्पर फेकून देऊ नये. मालकाच्या दृष्टीने तो येऊन गेलेल्यांचा एकमेव लेखी दाखला असतो, म्हणून तिचे छायाचित्र घेऊन त्यास कळवावे आणि ती ठेवावी की काढावी हे त्यालाच ठरवू द्यावे. जे काम मालकाला सहज उलटविता येईल ते बेलाशक करावे, आणि जे उलटविता येणार नाही ते विचारल्याशिवाय करू नये, ही माझ्या मते या बाबतीतील खरी सीमारेषा होय.

याच सीमारेषेचे उल्लंघन सर्वांत अधिक कोठे होत असेल तर ते, ठेवा सापडत नाही तेव्हा स्वतःची एक डबी तेथे टाकून देण्याच्या प्रघातात. पुष्कळ वेळ शोधूनही हाती काही लागत नाही. संकेतस्थळावर मागील दोघा-चौघांनीही ‘सापडला नाही’ असे लिहिलेले असते. मालक दूरच्या गावी राहतो. तेव्हा त्याचा हेलपाटा वाचविण्यासाठी खिशातील डबी तेथे ठेवून, तीतच आपले नाव लिहून, ‘सापडला’ अशी नोंद करावयाची, याला पुष्कळ मंडळी परोपकार समजतात. परंतु ठेवा नाहीसा झाला हे शोधकाचे अनुमान असते. प्रमाण फक्त मालकापाशी असते, कारण तो कोठे होता हे त्यालाच ठाऊक. मूळ डबी पुष्कळदा हातभर अंतरावर, ठेवली तेथेच सुखरूप असते, आणि मग एकाच ठिकाणी दोन डब्या होतात: कोणी ही शोधतो, कोणी ती, मालकाच्या वहीशी नोंदींचा मेळ बसेनासा होतो, कौशल्याने लपविलेल्या ठेव्याची सारी खुमारी दगडाखाली टाकलेल्या निकृष्ट डबीने नाहीशी होते, आणि टाकून दिलेल्या त्या दुसऱ्या डबीची जबाबदारी कोणाचीच नसल्यामुळे ती पुढेमागे कचरा ठरते. मालकास आधी लिहून विचारले आणि त्याने जागा सांगून संमती दिली, तर तीच नवी डबी अमोल मदत ठरते.

मग संमती मिळेपर्यंत काय करावे? खरी नोंद करावी. ‘सापडला नाही’ असे लिहिण्यात कमीपणा आहे, असे मानून कित्येक जण ती नोंद करीतच नाहीत, आणि दुरुस्तीची गरज कळविणे म्हणजे मालकाविरुद्ध तक्रार गुदरणे, अशीही एक समजूत आहे. दोन्ही सोडून दिल्या पाहिजेत. प्रत्येक ठेव्याला अवघडपणाची १ ते ५ अशी श्रेणी दिलेली असते. श्रेणी ५ चा ठेवा चार जणांना सापडला नाही यात नवल नाही, पण श्रेणी १ चा ठेवा लागोपाठ तिघांना सापडला नाही, तर मालकाने जाऊन पाहावे याची ती स्पष्ट सूचना होय. ती सूचना अबोल राहिलेल्या शोधकांमुळेच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ‘वही भिजली’, ‘झाकणाचा काटा तुटला’, ‘झाड पडल्यामुळे डबी उघडी पडली’ असा नेमका मजकूर लिहिला, तर मालक योग्य ते सामान घेऊन एकाच खेपेत काम उरकू शकतो. त्याने दीर्घकाळ दखल घेतली नाही, तरच संकेतस्थळाच्या स्वयंसेवी परीक्षकांचे लक्ष वेधावे. ते मुदत देतात, आणि मुदतीत काही झाले नाही तर ठेवा यादीतून काढतात. यादीतून निघालेली डबीही आपोआप बेवारशी होत नाही, कारण ती दुसऱ्या एखाद्या यादीत चालू असू शकते. आणि चालू ठेव्याची मालकी दुसऱ्याच्या नावे करून घेण्याची सोय असली तरी ती मूळ मालकाच्या संमतीवाचून होत नाही.

डब्यातील वस्तूंविषयी थोडक्यात सांगतो. काही घेतले तर तितक्याच किंवा अधिक मोलाचे काही ठेवावे, हा जुना शिरस्ता. परंतु क्रमांक कोरलेली धातूची पट्टी बांधलेली वस्तू, जिला ‘ट्रॅव्हल बग’ म्हणतात, ही अदलाबदलीची वस्तूच नव्हे. ती दूरच्या कोणाची तरी अमानत असते, प्रवासास निघालेली असते, आणि तिच्या मालकाने सांगितलेल्या दिशेने तिला पुढच्या ठेव्यापर्यंत पोहोचविणे एवढेच आपले काम. तिच्यावरील क्रमांक दिसेल असे छायाचित्र प्रसिद्ध करू नये, कारण तो क्रमांक वापरून तिला कधीही न पाहिलेला माणूस खोटी नोंद करू शकतो.

गुप्ततेचा अर्थही पुष्कळांनी भलताच घेतलेला आहे. ठेव्याची जागा जाणाऱ्या-येणाऱ्याच्या ध्यानात येऊ नये हे खरे, पण पोलिसाने किंवा जमीनमालकाने हटकले असता बनवाबनवी करणे हा त्या गुप्ततेचा भाग नव्हे. तेथे सरळ सत्य सांगावे, वाटल्यास यंत्रावरील पान दाखवावे. इंग्लंडमधील वेदरबी गावी २०११ साली एका कॅफेबाहेर लपविलेल्या अशाच डबीविषयी संशय आल्यामुळे लष्कराचे बॉम्बनाशक पथक येऊन ती स्फोटाने उडवून देण्यापर्यंत प्रकरण गेले. डबीवर बाहेरून तिचे स्वरूप स्पष्ट लिहिणे आणि शेजारच्या दुकानदाराची आगाऊ परवानगी घेणे किती जरूर आहे, हे अशा प्रसंगांवरून ध्यानात येते. मजकूर पुसट झालेला दिसल्यास मालकास तसे कळविणे हीदेखील मोलाची मदत. आणि जाता-येता वाटेवरचा कचरा उचलून आणण्याचा जो परिपाठ २००२ पासून जगभरच्या शोधकांनी चालविला आहे, त्यास तर कोणाच्याही मंजुरीची आवश्यकता नाही.

महाराष्ट्रात ही हौस करू पाहणाऱ्यांचे मन साहजिकच गडकोटांकडे ओढ घेते. परंतु संरक्षित स्मारकांच्या तटात, बुरुजाच्या फटीत किंवा लेण्यांत डबी ठेवण्याची कल्पना मनात आणू नये. १९५८ च्या केंद्रीय कायद्यान्वये अशा वास्तूंस इजा पोहोचविणे हा गुन्हा आहे, आणि डबी ठेवणाऱ्याचा हात हलका असला तरी मागून येणाऱ्या शंभर शोधकांचे हात तसे असतीलच याचा भरवसा कोणी द्यावा? अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतही परवानगीवाचून डबी ठेवता येत नाही, आणि तेथील भूशास्त्र संस्थेच्या सहकार्याने २००४ साली ‘अर्थकॅश’ हा जो प्रकार सुरू झाला, त्यात डबी नसतेच: शोधकाने ठरलेल्या जागी जाऊन खडकाचे निरीक्षण करावयाचे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मालकास पाठवावयाची. लाव्हाच्या थरांवर थर चढून झालेला आपला सह्याद्री आणि उल्कापाताने झालेले लोणारचे विवर यांना हाच प्रकार शोभतो. आणि तोही मांडण्यापूर्वी त्या जागेत जाण्यास मुभा आहे किंवा कसे, याची चौकशी वनखात्याच्या अथवा पुरातत्त्व खात्याच्या स्थानिक कचेरीत करून घ्यावी.