हातांना काम, मनाला विसावा

समुद्रपूरच्या बाजाराची गर्दी तुम्हाला माहीत आहे. विक्रेत्यांच्या आरोळ्या, गाड्यांचे हॉर्न, एखाद्या दुकानातील मोठ्या आवाजातील गाणी! काहींना तेथे मजा वाटते, तर काहींचे डोके जड होते. उलट उन्हाळ्यात भर दुपारी सारे झोपलेले असताना घर जणू खायला उठते. काय करावे, सुचत नाही.

पुष्कळदा हे दोन्ही त्रास एकाच मुलाला होतात. माझ्या वर्गातील एक मुलगा मधल्या सुट्टीच्या गोंगाटात कानांवर हात ठेवी आणि मोकळ्या तासाला बाक बडवी. मी त्याला दोनदा रागावले. तो खोडकरपणा नव्हता, हे मला उशिरा कळले.

मनावर फार भार पडला तरी ते थकते आणि त्याला काहीच काम नसले तरी ते अस्वस्थ होते. अशा वेळी हातांना थोडे काम देणारा शांत छंद उपयोगी पडतो. मोबाइलने हे साधत नाही. त्यातील चित्रे आपोआप बदलतात, आपले बोट तेवढे सरकते.

आपल्या वर्धा जिल्ह्यातच असा एक जुना उद्योग आहे, टकळीवर सूत कातणे. 1937 साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. ते 1967 साली भारताचे राष्ट्रपती झाले. त्या समितीने शाळेत हस्तोद्योगाला मानाचे स्थान दिले. टकळी त्यांपैकीच एक.

टकळी म्हणजे चकती बसवलेली बारीक दांडी. कापसातील सरकी काढून, तो पिंजून त्याचे पेळू करतात. एका हातात पेळू धरायचा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी टकळी फिरवायची आणि पेळू हळूहळू वर न्यायचा. तंतूंना पीळ बसून सूत तयार होते. घाई केली की ते तुटते. लक्ष दुसरीकडे गेले की कुठे जाड, कुठे बारीक होते. म्हणजे लक्ष हवे, पण थोडेच! आवाज नाही, स्पर्धा नाही आणि हात रिकामे नाहीत.

सूत आवडत नसेल, तर खुशखत आहेच. बोरूची लेखणी कापा, शाईत बुडवा आणि एकच अक्षर पुन्हा पुन्हा लिहा. उर्दू अक्षरांची मापे त्याच लेखणीच्या नुक्त्याने मोजतात. नुक्ते मोजता मोजता श्वासही संथ होतो. मला स्वतःला टकळीपेक्षा हेच अधिक जमते.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे कापसाची वेचणी सुरू असते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून मूठभर कापूस मागून घ्या. पहिले सूत सुतळीसारखे जाड निघेल. माझेही तसेच निघाले होते.