भाराभर चिंध्या आणि एक धड गोधडी

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आपण सर्वांनीच वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. चार पुस्तके एकदम उघडून एकही पुरे न करणाऱ्या विद्यार्थ्याला तर ती परीक्षेच्या दिवसांत हमखास ऐकावी लागते. पण भाराभर चिंध्यांपासून एक धड वस्तू होतेही, आणि ती आपण सर्वांनी अंगावर घेतलेली आहे. ती म्हणजे गोधडी. आपल्या वाशीम भागातल्या पुष्कळ घरांत लोखंडी ट्रंकेच्या तळाशी एखादी अर्ध्यावर राहिलेली गोधडी असते. ती कोणी टाकून देत नाही आणि पुरीही करीत नाही. आमच्या घरी अशा चार निघाल्या. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आई, काकू, आजी आणि मी अशा चौघींनी त्या हातावेगळ्या केल्या. त्या निमित्ताने जे समजले, ते येथे मांडीत आहे.

प्रथम गोधडी म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. कारण वसतिगृहातल्या काही मैत्रिणी रजईलाही गोधडीच म्हणतात. रजईत पिंजलेला कापूस भरलेला असतो आणि ते पिंजाऱ्याचे काम. गोधडीत कापूस नसतो. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक अंथरून ते धावदोऱ्याने शिवले की गोधडी होते. काही भागांत तिला वाकळ म्हणतात. आमची आजी वऱ्हाडी वळणाने 'वाकय' म्हणते. संस्कृतात ठिगळांच्या वस्त्राला कंथा म्हणत, आणि त्याच शब्दावरून बंगालात कांथा आला. आपले विद्यापीठ ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या संत गाडगेबाबांनाही लोक 'गोधडेबुवा' म्हणत. कारण त्यांच्या अंगावर चिंध्यांचेच वस्त्र असे. तेव्हा ही वस्तू गरिबीची खूण असली तरी लाजेची खूण नाही.

गोधडीची ऊब कशात असते? कापडापेक्षा ती थरांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेत अधिक असते. ही हवा अंगातली उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून टाका सैल पडला तर थर सरकतात आणि फार आवळला तर हवेला जागा राहत नाही. आजी मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "टाके मोजू नोको पोरी, ताण पाय. कापड आवळलं का गोधडी थंडी होते." पुस्तकात उष्णतावहनाचा धडा मी शाळेत वाचला होता, त्याचा उपयोग मला आजीच्या शेजारी बसून कळला.

आता कापडाचा हिशेब पाहू. लुगडे नऊ वारांचे, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याचे दोन-दोन मीटरांचे चार तुकडे होतात. दोन तुकडे पन्ह्याला पन्हा जोडले की दोन मीटर लांब आणि साधारण सव्वादोन मीटर रुंद असा एक थर मिळतो. म्हणजे एका लुगड्यात दोन थर आणि दोन लुगड्यांत चार. पाचवारी पातळ मात्र साडेचार मीटरांच्या आसपास भरते. त्यात एकच थर बसतो. आमच्या घरात आजी नऊवारी नेसते, आई पाचवारी नेसते आणि मी पंजाबी पोशाख घालते. तीन पिढ्यांत गोधडीचा कच्चा माल कसा आटत गेला, हे यावरून ध्यानात येईल. त्यात नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्या झिजत नाहीत हे खरे; पण त्या घाम शोषीत नाहीत आणि थरांत ठेवल्या तर एकीवरून दुसरी घसरते. शेकडो धुण्यांनी सुती कापडाला जो मऊपणा येतो, तो त्यांना कधीच येत नाही.

दुसरा हिशेब टाक्यांचा. आमच्याकडे गोधडी काठापासून सुरू करून फेऱ्या घालीत मध्याकडे नेतात. दोन फेऱ्यांत एका बोटाचे, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटरांचे अंतर ठेवतात. दोन मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद गोधडीत अशा पन्नासेक फेऱ्या बसतात आणि त्यांची एकूण लांबी सव्वादोनशे मीटरांच्या घरात जाते. मी घड्याळ लावून पाहिले, तर एका बाईच्या हातून तासाला चार मीटर शिवण होते. म्हणजे एका गोधडीला छप्पन्न तास लागतात. शेतातून येऊन, स्वयंपाक-पाणी करून, जनावरांचे पाहून एकट्या बाईने हे छप्पन्न तास आणायचे कोठून? पण चौघी जणी दुपारी दोन-दोन तास बसल्या, तर तेच काम सात दिवसांत होते. गोधडी चार बाजूंची आहे ती काही उगाच नाही. प्रत्येक बाजूला एक बाई बसावी, हेच तिचे माप आहे.

येथेच अर्धवट गोधड्यांचे खरे कारण सापडते. आपण सहज म्हणतो, बायकांना आता आळस आला, दूरदर्शन आले, मोबाईल आले. मला हे पटत नाही. आमच्या चारही गोधड्या आळसाने राहिल्या नव्हत्या. पहिली आत्याच्या लग्नासाठी घातलेली होती. लग्न ठरल्यापेक्षा लवकर झाले, आत्या सासरी गेली आणि चारांतले एक माणूस कमी झाले. दुसरी म्हणजे धाकट्या भावासाठी आईने घेतलेले दुपटे. त्याच साली काका वेगळे झाले, काकूंची चूल निराळी झाली आणि दुपारच्या बैठका मोडल्या. तो भाऊ आता नववीत आहे. तिसरी आजीची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि सुईत दोरा ओवायला रोज कोणाला हाक मारायची, म्हणून तिने ती गुंडाळून ठेवली. चौथी आमच्या आबाजींच्या धोतरांची. तिच्याविषयी पुढे सांगते. थोडक्यात, प्रत्येक गोधडी जेथे थांबली तेथे घरातले कोणी ना कोणी उठून गेलेले होते.

आता ही राहिलेली कामे पुरी कशी करावीत, ते सांगते. कारण इतर घरांतही याचा उपयोग होईल.

ट्रंकेतून काढलेली अर्धवट गोधडी प्रथम धुऊ नये. न शिवलेल्या भागातले थर पाण्यात गोळा होतात आणि पुन्हा सारखे करता येत नाहीत. तिला दोन दिवस कडक ऊन द्यावे आणि हलक्या हाताने झटकावी. मग बोटांनी चाचपून आत राहिलेली सुई शोधावी. आजीच्या गोधडीत सुई तशीच टोचलेली होती आणि तिच्याभोवती रुपयाएवढा गंजाचा डाग पडला होता. गंजाने सूत कुजते, म्हणून तेवढ्या जागी नवे ठिगळ लावावे लागते. डाग कोवळा असेल तर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवल्यास तो फिका होतो.

नंतर गोधडी जमिनीवर पसरून चारही कोपऱ्यांवर वजन ठेवावे. आम्ही पाट आणि वरवंटा ठेवला. न शिवलेल्या भागातल्या सुरकुत्या मध्याकडून काठाकडे सारून काढाव्यात आणि हातभर अंतरावर कच्चे टाके घालून थर टाचून घ्यावेत. हे केल्याशिवाय शिवायला बसू नये. दोरा सुती घ्यावा. नायलॉनचा दोरा तुटत नाही, पण तो जुन्या कापडाला कापतो, असा आजीचा अनुभव आहे. जुने सुती कापड पुरेसे नसेल तर साड्यांचा थर आत घालावा आणि वरखाली मात्र सुतीच ठेवावे. टाचणही मग वीतभर अंतरावर करावे.

याहून महत्त्वाची गोष्ट मनाची आहे. अर्धी राहिलेली गोधडी पाहिली की 'अजून निम्मे काम आहे' असे वाटून हात गळतात. हे गणित चुकीचे आहे. गोधडी बाहेरून आत शिवली जाते. पहिली फेरी साडेआठ मीटरांची असते आणि शेवटच्या फेऱ्या हातभरसुद्धा नसतात. पन्नासांपैकी पंचवीस फेऱ्या झाल्या की मध्ये एक मीटर लांबीचा आणि सव्वा मीटर रुंदीचा तुकडा उरतो. तेथे फार तर बासष्ट मीटर शिवण बाकी असते. म्हणजे डोळ्यांना अर्धी दिसणारी गोधडी प्रत्यक्षात पाऊण होत आलेली असते, आणि चौघींना ती दोन दुपारींचे काम असते. हे कळल्यावर आई म्हणाली, "हे मले पंधरा वर्सांपयले कोनी सांगतलं असतं तं!"

सर्वच कामे ठरल्याप्रमाणे पुरी करावीत असेही नाही. भावाच्या दुपट्याला आता बाळ उरले नव्हते. आम्ही त्याचा शिवलेला भाग कापून काठ दुमडला आणि त्याची दोन बसकरे केली. आत्याची गोधडी पुरी करून तिच्या मुलीकडे पाठविली. आजीच्या गोधडीच्या बाबतीत एक प्रश्न पडला. डोळे अधू होत गेले तसतसे तिचे टाके मोठे आणि वाकडे होत गेलेले होते. शेवटच्या दोन फेऱ्या तर बोटभर लांबीच्या टाक्यांच्या होत्या. काकू म्हणाल्या, तेवढे उसवून नीट घालू. आईने नाही म्हटले. थर पक्के बसलेले आहेत, मग उसवायचे कशाला? आम्ही तेथूनच पुढे शिवत गेलो. आता ती गोधडी पाहिली की आजीची नजर कोठे गेली आणि आमचे हात कोठे लागले, हे कोणालाही ओळखता येते.

चौथी गोधडी आबाजींच्या धोतरांची. ते गेल्यावर वर्षभराने आजीने ती घातली होती आणि चार फेऱ्यांनंतर बंद केली होती. तिला कोणीही हात लावीत नसे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर आजीला बरे दिसू लागले. उरलेल्या तीन गोधड्यांत ती आमच्याबरोबर बसली, आणि मग स्वतःच म्हणाली, "आना थेही. मी हाओ तवरक होऊन जाऊ द्या. मांगून तुमाले कोन सांगन का हे धोतर कोनतं?" शिवताना तिने एकेक तुकडा सांगितला. हे पोहरादेवीच्या यात्रेला घेतलेले, हे कारंज्याच्या बाजारातले, हे शेवटच्या आजारपणातले. मी ते सर्व एका वहीत लिहून घेतले, कोपऱ्यावरून क्रमाने.

त्या वहीचे महत्त्व मला नंतर उमगले. इतिहासाच्या तासाला आपण शिकतो की वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. वाशीमला सापडलेला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट वाचता आला, म्हणून त्या शाखेचा इतिहास हाती लागला. गोधडीही एका घराचा लेखच असतो. पण तो वाचणारे माणूस बहुधा एकच असते. ते गेले की कापड उरते आणि मजकूर जातो.

हे केवळ आपल्याच घरांपुरते नाही. बंगालीतले कवी जसीमुद्दीन यांचे 'नक्षी कांथार माठ' हे कथाकाव्य १९२९ साली प्रसिद्ध झाले. त्यातली नायिका आपल्या संसाराची कथा कांथ्यावर भरते आणि आपल्या मृत्यूनंतर तो कबरीवर पसरावा, असे सांगते. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या रानातल्या सिद्दी बायका 'कवंदी' शिवतात. चार कोपऱ्यांना 'फुला' नावाची ठिगळे लावल्याखेरीज ती पुरी झाली, असे त्या मानीत नाहीत. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड येथील कृष्णवर्णीय शेतकरी बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांपासून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या. ज्या कामाला आपण 'रिकाम्या वेळचा उद्योग' म्हणतो, त्याला तेथे कला म्हणून जागा मिळाली. आपल्या मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर बंजारा बायकांच्या हातातही कापडाचे मोठे कसब आहे. पण आपल्यापैकी किती जणांनी ते जवळ बसून पाहिले आहे?

मित्र-मैत्रिणींना माझे सांगणे इतकेच आहे. येत्या सुटीत घरी गेलात की एकदा ट्रंक उघडायला सांगा. आत गोधडी निघाली तर ती का राहिली, हे विचारताना दोष देऊ नका. कोण उठून गेले, ते विचारा. मग त्या जागी आपण बसा. मुलग्यांनीही बसावे; धावदोरा घालायला काही मोठी विद्या लागत नाही. सुईत दोरा ओवून दिला तरी आजीचे निम्मे काम होते. आणि शेजारी एक वही ठेवा. चिंध्या भाराभर असोत, त्यांतली एक जरी गोधडी धड झाली आणि तिच्यातले चार तुकडे कोणाचे, हे लिहून राहिले, तरी ती सुटी सार्थकी लागली असे समजावे.