पोवळ्याचा लाल रंग

आजीच्या पोवळ्यांच्या माळेतला एक मणी परवा भिंगाखाली धरला. नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत वाटणाऱ्या मण्यावर केसासारख्या बारीक, समांतर रेघा दिसल्या. काचेच्या लाल मण्यात अशा रेघा नसतात. तिथे बहुधा हवेचे बुडबुडे सापडतात. या रेघा एका प्राण्याच्या वाढीच्या खुणा आहेत.

नवरत्नांपैकी दोनच रत्नं जिवंत प्राण्यांकडून येतात, मोती आणि पोवळं. दागिन्यांतलं अस्सल लाल पोवळं प्रामुख्याने भूमध्य समुद्रातलं. मालवणच्या समुद्रात दिसतात ते खडक रचणारे प्रवाळ वेगळे. लाल पोवळ्याची फांदी म्हणजे हजारो चिमुकल्या जीवांचा सामाईक सांगाडा. प्रत्येक जीव पांढरा, आठ शुंडकांचा. सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि त्याची जाडी वर्षाला अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. वाटाण्याएवढा मणी निघेल अशी फांदी तयार व्हायला काही दशकं लागतात.

ही फांदी झाड, दगड की प्राणी, हे कोडं फार काळ सुटलं नव्हतं. नजरेने दगड करणाऱ्या मेड्यूसाच्या मस्तकाला लागून समुद्रातली वनस्पती दगड झाली, अशी ग्रीक-रोमन कथा. मार्सेयचा वैद्य पेसोनेल याने 1720च्या दशकात पोवळ्याची ‘फुलं’ पाण्यात निरखली आणि ते प्राणी आहेत असं सांगितलं. फ्रेंच निसर्गअभ्यासक रेओम्यूरला हे इतकं अशक्य वाटलं, की पॅरिसच्या अकादमीत त्याचं म्हणणं मांडताना त्याने पेसोनेलचं नावच घेतलं नाही. बरोबर पेसोनेलच होता.

दृष्ट लागू नये म्हणून रोमन आया तान्ह्या बाळांच्या गळ्यात पोवळं बांधत. आपल्याकडच्या मनगट्यांमागेही हीच माया आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो, की रोमन बायकांना भारतीय मोत्यांचं जितकं अप्रूप, तितकंच भारतीयांना पोवळ्यांचं. पुढे 17व्या-18व्या शतकांत इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी गोव्याला पोवळी पाठवत आणि बदल्यात हिरे मागवत.

‘मंगळ कडक आहे, पोवळं घाला’ हा सल्ला कित्येक घरांत ऐकू येतो. दोघांचा रंग लाल, म्हणून ही सांगड जमली असावी. मंगळाचा लाल रंग लोहाच्या गंजाचा. पोवळ्याचा मात्र कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा. गाजराचा केशरी आणि ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगही याच घराण्यातला. ग्रहाचा आणि मण्याचा लाल एकमेकांचे कुणीच लागत नाहीत, आणि पोवळ्याने मंगळ शांत होतो याला विज्ञानात काहीही आधार नाही.

अंगावरचं पोवळं फिकं पडलं की घालणाऱ्याचं आजारपण जवळ आलं, ही समजूत युरोपातही होती. पोवळं निस्तेज होतं हे निरीक्षण खोटं नाही. लिंबाचा रस पडला तर त्यावर फेस येतो. आम्लाने कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं. आम्लधर्मी घामाने आणि अत्तराने त्याची झिलई हळूहळू जाते.

माळ काढून ठेवताना आजी ती ओलसर सुती कापडाने पुसायची, मग कोरडी करून डबीत ठेवायची. कारण ती दृष्टीचं सांगे. मला घामाचं कारण ठाऊक आहे, पण कापड मी अजून तिच्याच लुगड्याचं वापरते.