अतिस्थूलाची भूक आणि वैद्याची घाई

स्थौल्यावरील लेख आपल्या वाचकांना नवे नाहीत. त्यांत निदानपंचक असते, संप्राप्ती असते आणि शेवटी योगांची यादी असते. प्रस्तुत लेखाचा विषय त्यामानाने मर्यादित आहे. ज्या रुग्णाला तीस, चाळीस किंवा पन्नास किलो वजन उतरवावयाचे आहे आणि ज्याला शस्त्रकर्म नको आहे अथवा परवडत नाही, त्याची चिकित्सा करताना आपण कोठे चुकतो, एवढाच विचार येथे केला आहे. पाच-सात किलोंच्या रुग्णाला लागू पडणारे नियम या रुग्णाला जसेच्या तसे लावले की अपाय होतो. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो, म्हणून ती चूक प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी ४६ वर्षांची एक रुग्णा माझ्याकडे आली. वजन ११८ किलो, आठ वर्षांचा मधुमेह, गुडघ्यांत वेदना, दोन जिने चढताच धाप. बॅरिएट्रिक शस्त्रकर्माचा सल्ला तिला मिळालेला होता. तो टाळावा या इच्छेनेच ती आली होती. मी मृदु विरेचन दिले, रात्रीचे भोजन बंद केले, सकाळी त्रिफळा क्वाथ आणि दुपारी मुगाचे कढण सांगितले. ग्लिमेपिराइडची गोळी ती घेत होती, हे केसपेपरवर मीच लिहिलेले होते. त्या गोळीचे काय करावयाचे, हे मात्र मी ठरवले नाही. चौथ्या रात्री तिला दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले. घरच्यांना वाटले, शरीरशुद्धी होत आहे. शुद्ध हरपल्यावर तिला जवळच्या रुग्णालयात नेले, तेव्हा रक्तशर्करा ३८ होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ती सावरली. तीन आठवड्यांनी ती मुलाला घेऊन पुन्हा आली आणि म्हणाली, “डॉक्टर, तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं हो.” त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढे तिचे काय झाले ते नंतर सांगेन. त्या रात्रीनंतर मी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय पुन्हा काढून बसलो. परीक्षेसाठी पाठ केलेला अध्याय वेगळा आणि रुग्ण समोर ठेवून वाचलेला वेगळा.

शास्त्राचे म्हणणे

अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूलाचे जे आठ दोष सांगितले आहेत, त्यांत अतिक्षुधा आणि अतितृष्णा हे दोन आहेत. आपण ते दौर्गंध्य आणि स्वेदाबाध यांच्या ओळीत पाठ करतो आणि सोडून देतो. वस्तुतः चिकित्सेची किल्ली तेथेच आहे. मेदाने स्रोतसांचा मार्ग रोधला गेल्याने वायू कोष्ठात अधिक संचार करतो, अग्नीला प्रदीप्त करतो आणि घेतलेला आहार शीघ्र पचून पुन्हा अन्नाची इच्छा होते. भोजनाची वेळ टळली तर घोर विकार उद्भवतात, असा स्पष्ट इशारा तेथे आहे. दावानल जसा अरण्य जाळतो तसे हे दोघे, अग्नी आणि वायू, स्थूलाला जाळतात, असा दृष्टान्तही दिला आहे. म्हणजे ज्या रुग्णाला आपण “खाण्यावर ताबा ठेवा” असे बजावतो, त्याची भूक हाच त्याच्या व्याधीचा भाग आहे. तिला चारित्र्याचा दोष मानणे शास्त्राला मान्य नाही. निदानांत बीजस्वभावही गणलेला आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

अशा रुग्णाला नुसते लघु अन्न अल्प प्रमाणात दिले तर प्रदीप्त अग्नीला इंधन पुरत नाही आणि वायू आणखी खवळतो. म्हणून आचार्यांनी स्थूलासाठी गुरु परंतु अपतर्पण असे द्रव्य योजावे, असे सांगितले. पचण्यास वेळ घेणारे, पोटात टिकणारे, तरीही मेदाचे पोषण न करणारे अन्न, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. त्यासाठी यव, श्यामाक, कोद्रव, जूर्णाह्व, मुद्ग, कुलत्थ ही सूची आली आहे. जूर्णाह्व म्हणजे आपली ज्वारी आणि कुलत्थ म्हणजे कोकणातला कुळीथ, देशावरचा हुलगा. प्रजागर, व्यायाम, चिंतन यांचा उपदेश करतानाही हे सारे क्रमाक्रमाने वाढवावे, असे म्हटले आहे. हा क्रमच आपण विसरतो. रुग्णाला घाई असते हे खरे. परंतु वैद्याची घाई त्याहून मोठी असते, कारण पहिल्या पंधरा दिवसांत काटा हलला नाही तर रुग्ण दुसरीकडे जाईल अशी भीती त्याला असते.

काट्याचा हिशेब

एक किलो मेद म्हणजे स्थूलमानाने ७७०० कॅलरी. पन्नास किलो मेद उतरवण्यासाठी ३,८५,००० कॅलरींची तूट लागते. रोज ६०० कॅलरींची तूट अखंड राखली तरी ६४० दिवस, म्हणजे पावणेदोन वर्षे लागतात. प्रत्यक्षात वजन उतरेल तशी शरीराची गरजही घटते, म्हणून काळ याहून अधिकच धरावा. मग पहिल्या आठवड्यात तीन-चार किलो उतरतात ते काय? तो बहुतांशी जलांश असतो. यकृतात व मांसात साठलेल्या ग्लायकोजेनबरोबर धरून ठेवलेले पाणी आहार घटताच बाहेर पडते. वमन-विरेचनानंतर लगेच दिसणारी घटही मुख्यत्वे तीच. शोधनाचे प्रयोजन वेगळे आहे, ते मी नाकारत नाही. परंतु त्या चार किलोंचा फोटो काढून दवाखान्यात लावू नये.

संपूर्ण उपवासाने प्रचंड वजन उतरू शकते का? उतरू शकते. स्कॉटलंडमधील अँगस बार्बिएरी या २७ वर्षांच्या तरुणाने १९६५-६६ मध्ये डंडी येथील डॉक्टरांच्या देखरेखीखाली ३८२ दिवस अन्न घेतले नाही. पाणी, चहा, कॉफी, जीवनसत्त्वे आणि मध्यंतरी काही काळ पोटॅशियम एवढेच त्याला दिले गेले. वजन २०७ किलोंवरून ८२ किलोंवर आले. अखेरच्या काळात त्याला ३७ ते ४८ दिवसांच्या अंतराने मलप्रवृत्ती होत असे. पाच वर्षांनंतर त्याचे वजन ८९ किलो होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेला हा वृत्तान्त उपवासाचे समर्थक मोठ्या हौसेने सांगतात. मात्र त्याच काळात अशा उपचारांत काही रुग्ण दगावले, ते कोणी सांगत नाही. १९७७ च्या सुमारास अमेरिकेत केवळ द्रवरूप प्रथिनांवर राहण्याचे खूळ पसरले, तेव्हाही हृदयाची लय बिघडून अनेक मृत्यू झाले. वारंवार रक्ततपासणीची सोय नसलेल्या दवाखान्यात बार्बिएरीचे उदाहरण देणे हा बेजबाबदारपणा आहे.

उतरलेले वजन परत का येते, याचा सर्वांत बोलका पुरावा २०१६ साली पुढे आला. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनी अभ्यास झाला. कठोर आहार आणि अतिव्यायाम यांनी त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते. त्यांपैकी ४१ किलो परत आले होते. विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते, आणि ही काटकसर सहा वर्षांनीही ओसरली नव्हती. २०११ च्या दुसऱ्या एका अभ्यासात वजन घटवल्यानंतर वर्षभरानेही भूक वाढवणारी संप्रेरके चढलेलीच आढळली. आधुनिकांनी आपलेच म्हणणे सिद्ध केले, असा दावा मी करणार नाही. दोन्हींची परिभाषा भिन्न आहे. परंतु भुकेला शत्रू मानून लढाई जिंकता येत नाही, एवढे दोन्हींकडून दिसते.

ताटात काय

ज्वारीची भाकरी खाल्ली की वजन उतरते, हा समज आपणच पसरवला आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत आणि शंभर ग्रॅम तांदळात कॅलरींचा फारसा फरक नाही. फरक आहे तो तिच्या रूक्षतेत, चावण्याच्या वेळात आणि तृप्तीत. चार भाकऱ्या खाणाऱ्याला ज्वारी उपयोगाची नाही. माझ्या अनुभवात मध्यम आकाराची एक भाकरी, दोन वाट्या हुलग्याचे किंवा मटकीचे कढण, वाटीभर पालेभाजी, काकडी-मुळा आणि लोणी काढलेले ताक एवढ्यावर १०० किलोंची व्यक्तीही चार तास शांत राहते. कढण आधी, भाकरी नंतर. सकाळी जव भिजवून शिजवलेली पेज किंवा सातूचे पीठ ताकातून. मांसाहारी रुग्णास अंडे व मासे नाकारण्याचे कारण नाही. वजन उतरताना मेदाबरोबर मांसधातूही झिजतो, त्याला प्रथिनांचा आधार हवा. भोजनाच्या वेळा तीन, आणि त्या चुकवावयाच्या नाहीत.

मधोदकाविषयी एक शब्द. घरोघरी सकाळी उकळत्या पाण्यात मध-लिंबू घेतले जाते. उष्ण मधाचा शास्त्राने निषेध केलेला आहे, हे आपले रुग्ण आपल्याला विचारीत नाहीत आणि आपणही सांगत नाही. मध साध्या पाण्यातून, एक चमचा, तोही मधुमेह्याला नको.

औषधांविषयी थोडक्यात. नवक गुग्गुळ, त्रिफळा, गुडूची-मुस्ता, विडंग, आमलकी यांचा मी वापर करतो. रूक्ष उद्वर्तन आणि निवडक रुग्णांत लेखन बस्ती देतो. यांपैकी कोणतेही औषध ताटाची जागा घेत नाही. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम यांचे शोषण घटते, असे आढळलेले आहे, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी आधी पाहावी. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन उतरले तर पित्ताश्मरीचा धोका वाढतो; उजव्या कुशीतील शूलाला आम्लपित्त समजून अविपत्तिकर चूर्ण देत बसू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सल्फोनिलयुरिया गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाचा आहार तिच्या फिजिशियनला पत्र लिहिल्याशिवाय मी आता एका भाकरीनेही कमी करीत नाही. ब्रिटनमधील डायरेक्ट या प्रयोगात (२०१७) मधुमेह्यांना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८२५ ते ८५३ कॅलरी देण्यात आल्या. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवलेल्या होत्या. वर्षाअखेर ज्यांनी १५ किलो वा अधिक घटवले, त्यांतील ८६ टक्क्यांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात राहिला. मात्र इतके घटवू शकलेले चौघांत एकच होते.

औषधविक्रेत्यांसाठी

चूर्णाच्या पुडीने दोन दिवसांत भूक मरत असेल, तोंड कोरडे पडत असेल, छाती धडधडून झोप उडत असेल, तर त्या पुडीविषयी संशय घ्यावा. सिब्युट्रामिनवर भारतात २०११ साली बंदी आली; तरीही ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत ते सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वारंवार दिले आहेत. बेल्जियममधील घटना तर प्रत्येक दुकानात लिहून ठेवण्याजोगी आहे. तेथे १९९० च्या दशकाच्या आरंभी वजन घटवण्याच्या एका योगात एका चिनी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया गेली आणि शंभरहून अधिक स्त्रियांची वृक्के निकामी झाली. ओळख न पटवता घेतलेल्या द्रव्याचा हा परिणाम.

सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइड ही इंजेक्शने लठ्ठपणासाठी २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागली. चाचण्यांत पहिल्याने सरासरी १५ टक्के आणि दुसऱ्याने मोठ्या मात्रेत सुमारे २१ टक्के वजन घटले. शस्त्रकर्माविना एवढी घट औषधाने पूर्वी साधलेली नव्हती, हे मोकळेपणाने मान्य करावे. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आले, हेही रुग्णाला सांगावे. प्रिस्क्रिप्शनशिवाय देऊ नये, हे वेगळे सांगावयास नको. आणि ज्याला झोपेत श्वास अडकतो, ज्याची हृदयक्रिया खालावली आहे, त्याला शस्त्रकर्मापासून परावृत्त करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता त्या रुग्णेविषयी. फिजिशियनने ग्लिमेपिराइड बंद केले, मेटफॉर्मिन ठेवले. गुडघ्यांमुळे चालणे शक्य नव्हते, म्हणून पहिले तीन महिने खुर्चीत बसून पाय उचलण्याचे व्यायाम, मग घरातल्या घरात दहा मिनिटे, मग गल्लीच्या टोकापर्यंत. आठव्या महिन्यात काटा ९७ वर थांबला आणि चार महिने हलला नाही. तेव्हा तिने उपवास करू का, असे विचारले. मी नको म्हटले. दोघांनी मिळून आठवडाभर ताटाची नोंद ठेवली, तर संध्याकाळच्या चहाबरोबरची शेव-फरसाण पुन्हा सुरू झालेली निघाली. अडीच वर्षांनी वजन ८१ किलो झाले. एका रुग्णेवरून सिद्धान्त मांडता येत नाही. अजून ती दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येते. मी वजन करतो, नाडी पाहतो, रक्तशर्करेचा कागद पाहतो. गेल्या खेपेस काटा ८३ दाखवत होता.